बनाबाईची विहीर

रणवरे सरांनी मला ओळखलं नाही. ओळखायचं कारणही नव्हतं. सात वर्षांपूर्वी इंदापूरच्या कॉलेजात त्यांच्या टेबलापुढे रडणारी पोरगी वेगळी, आणि बारामतीच्या कॉलेजात खिडकीमागे शिक्के घेऊन बसलेली मी वेगळी. मी मात्र त्यांना चालण्यावरूनच ओळखलं.

सोबत त्यांची मुलगी राजनंदिनी होती. सरांनी जळोचीला घर बांधलं होतं, म्हणून तिची एस. वाय.ची दुसरी टर्म इथे व्हायला हवी होती. इंदापूरची पहिली टर्म आम्ही मान्य केली तर ठीक, नाहीतर वर्ष वाया. टर्म मान्य व्हायची तर प्रॅक्टिकलचं जर्नल पूर्ण हवं. ९१ साली मला नेमकं हेच हवं होतं.

तेव्हा मी इंदापुरात कुशाआत्याकडे राहून शिकत होते. दिवाळीत आत्या गेली, आणि घराजवळ म्हणून बारामतीला नाव घालायचं ठरलं. वनस्पतिशास्त्राचं जर्नल मी महिनाभर आधीच विभागात जमा केलं होतं. विभाग रणवरे सरांचा. ते म्हणाले, तू जमाच केलं नाहीस. माझी आई बनाबाई पणदऱ्याहून एस.टी.ने आली, दोन तास व्हरांड्यात उभी राहिली. सरांनी तिला बसा म्हटलं नाही. वर, मेंढरं हाकणाऱ्यांना कॉलेज कशाला, असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. माझी टर्म गेली, वर्ष गेलं, वैशाखात लग्न लावून दिलं. पुढे बाहेरून बी.ए. करून मी ही खिडकी मिळवली. वनस्पतिशास्त्र सुटलं ते सुटलंच.

राजनंदिनीचं जर्नल मी खोट काढायच्या इराद्यानेच उघडलं. खोट नसती तरी काढली असती. पण तिसऱ्याच पानावर माझा हात थांबला. हंसराज या नेच्याच्या चित्राखाली, नमुना कुठून गोळा केला त्या ओळीत लिहिलं होतं: बनाबाईची विहीर, पणदरे.

पुढच्या पानावर शेवाळ. तीच विहीर. बारा नमुने, बाराही आमच्या विहिरीतले, सुट्टीत घरी आले की मी गोळा केलेले. विभागात एक चांगलं जर्नल कपाटात ठेवतात आणि मागून येणारी पोरं ते डोळे झाकून उतरवतात, ही रीत मला ठाऊक होती. ते कपाटातलं जर्नल माझं आहे, हे आत्ता कळलं. सात वर्षं इंदापूरची पोरं माझ्या आईचं नाव उतरवत होती, आणि ही बाई कोण असं ना पोरांना विचारावंसं वाटलं, ना सह्या करणाऱ्या सरांना. मला संताप आला आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. माणूस हातात सापडला होता.

जर्नल घेऊन मी आमच्या वनस्पतिशास्त्राच्या विभागप्रमुख बाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. बाई कडक. नमुने नव्याने गोळा करून आठ दिवसांत जर्नल पुन्हा लिहा, त्याशिवाय टर्म मान्य नाही, असा शेरा त्यांनी मारला. कुठून गोळा करायचे, ते माझ्यावर सोडलं.

खिडकीत येऊन मी विचारलं, "सर, ही विहीर कुठे आहे?"

सर मुलीकडे बघू लागले, मुलगी जर्नलकडे. मग मी माझं माहेरचं नाव सांगितलं: द्वारका सोनबा कोकरे. सरांचा चेहरा उतरला.

"रविवारी सकाळी पणदऱ्याला या. मुलगी काठावर बसून चित्रं काढेल. खाली तुम्ही उतरायचं."

सर आले. न येऊन सांगतात कुणाला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, भिंतीला धरत निसरड्या पायऱ्या उतरले. आई काठावर मिसरी लावत बसली होती. सरांनी वरच्याच पायरीजवळचा हंसराज खुडून आणला, तसा तिने तो फेकायला लावला. "ह्यो वरचा हाय. माझ्या पोरीनं खालचा काढला हुता." वरचाही चालला असता. मी गप्प बसले. असे ते चार वेळा खाली गेले आणि चार वेळा धापा टाकत वर आले.

पाचव्या वेळी कमरेइतक्या पाण्यात उभे राहून ते वर न बघताच म्हणाले, "जर्नल कपाटात होतं. तपासणी समिती येणार होती. दाखवायला तेवढं एकच चांगलं होतं."

आईने मिसरीचं बोट पुसलं. आवाज चढवला नाही.

"मंग पोरीची टर्म बी तितंच आसंल. ती घिऊन या, मंग वर या."

सरांनी पाण्यालगतचा हंसराज खुडला. वर येताना त्यांचा पाय घसरला तेव्हा मी हात दिला नाही. राजनंदिनीने पेन्सिल टाकून धावत जाऊन दिला.

पुढच्या सोमवारी तिची पहिली टर्म मान्य झाल्याचा शिक्का मीच मारला. या वेळचं जर्नल खरं होतं, नाही म्हणायला जागा नव्हती. माझी टर्म अजून इंदापूरच्या कपाटात आहे.