दुरुस्त केलेली मतं

आमचे हे चौतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासत होते. निवृत्त झाले आणि जगाचीच प्रुफं तपासायला बसले. सकाळचा चहा संपायच्या आत फोनवरच्या त्यांच्या पानावर मत पडायचं. कोणता देश कोणाच्या कच्छपी लागला, कोणी कोणाला तोंडघशी पाडलं, सगळं. वाचणारे मोजून एकोणीस, त्यातले चार आमचेच नातेवाईक. मी म्हणायचे, "अहो, तुमच्यावाचून तिकडच्या बैठका अडल्यात का?" त्यावर ते नुसता चष्मा पुसायचे.

मग परदेशातल्या लेकीला दिवस गेले. आधीचे दोन गर्भ टिकले नव्हते, म्हणून डॉक्टरांनी तिला चौथ्या महिन्यापासूनच अंथरुणावर झोपवून ठेवलं. जावई कामावर गेले की हातात पाणी द्यायला कोणी नाही. आम्ही दोघांनी व्हिसाचा अर्ज भरला. अर्जात एक नवा रकाना होता: गेल्या पाच वर्षांत इंटरनेटवर कुठे कुठे लिहिलंत, त्या सगळ्या खात्यांची नावं द्या. लेक राहते तो देश आणि आपला देश कालपर्यंत गळ्यात गळे घालत होते, आता एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघायला लागले होते.

"सगळं पुसून टाका," मी म्हटलं.

"कोरं पान बघून जास्त संशय येतो," हे म्हणाले. "मी दुरुस्त करतो."

छापखान्याचं वळण, दुसरं काय! तिथे मूळ अक्षर नाहीसं करायचं नसतं. त्यावर एक रेघ मारायची आणि समासात बरोबर शब्द लिहायचा. अकरा दिवस मान मोडून यांनी सहाशे मतं सुधारली. 'दादागिरी'चा 'पुढाकार' झाला, 'लूट'चा 'व्यापार'. खोटं कशाला बोलू, मीच शेजारी बसून मऊ शब्द सुचवत होते.

मुलाखतीच्या खिडकीत काचेपलीकडे एक बाई होती, आमच्या लेकीच्याच वयाची, मराठी शिकलेली. आम्हाला दोघांना एकत्र उभं केलं. तिने कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला. प्रत्येक मताखाली बारीक अक्षरांत 'बदललेले' असं होतं. तिने त्यावर टिचकी मारली आणि जुनं वाक्य तारीख-वेळेसकट उघडलं. दुसऱ्यावर मारली, तेही उघडलं. सहाशेच्या सहाशे जिवंत होती. आपल्याला कुठे कुठे भीती वाटते याची आयती यादीच आम्ही तिच्या हातात दिली होती.

"मोठे देश मांडीला मांडी लावून जेवायला बसले, की लहानांनी आपापली ताटं उचलून पळावं," तिने सावकाश वाचलं. "हे कोणाचं मत?"

ते वाक्य माझं होतं. भाजी निवडता निवडता मी बोलून गेले होते, आणि यांना आवडलं म्हणून यांनी ते आपल्या पानावर टाकलं होतं.

"माझं," हे म्हणाले.

"आणि तुम्हाला पटतं?" बाईने मला विचारलं.

मी यांच्याकडे पाहिलं नाही. "छे हो! यांचं एकही मत मला आजवर पटलेलं नाही. आमच्या घरी कोणालाही विचारा." बोलताना मी हसलेसुद्धा. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

माझ्या पासपोर्टवर शिक्का पडला. यांना एक कागद मिळाला, त्यावर लिहिलं होतं 'विचाराधीन'. किती दिवस, ते कोणी सांगेना. जिना उतरताना हे म्हणाले, "चला, एक जण तरी पोचेल तिच्यापाशी." मला त्यांच्या चांगुलपणाचा इतका राग आला, की बसमध्ये मी मुद्दाम दुसऱ्या बाकावर जाऊन बसले.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. आधी रडली, मग आवाज खाली आणून म्हणाली, "आई, विमानतळावर फोन उघडून बघतात. बाबांचा नंबर, फोटो, मेसेज, सगळं काढून ये. आणि इथून त्यांना फोन करू नकोस गं. इथली नोकरी जाईल आमची."

फोन स्पीकरवर होता. हे शेजारीच बसले होते.

त्यांनीच माझ्या हातातून फोन घेतला आणि एकेक करून सगळं काढलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात यांचा नंबर पाठ करायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. गुरुवारी विमान आहे. तोवर पाठ करतेय, मनातल्या मनात, ओठसुद्धा न हलवता.