खंडेनवमीची पुसापुशी

अंधेरीच्या आमच्या गाळ्यात खंडेनवमीला नंदकुमारकाका प्रत्येक यंत्र स्वतःच्या हाताने पुसतात. गाळा त्यांचा, रिवाजही त्यांचाच, इथे प्लास्टिकचे साचे चालायचे तेव्हापासूनचा. बाबांचे मित्र म्हणून त्यांनी मला मागची खोली प्रयोगाला दिलेली. मी डबा खायला खाली गेले, तेवढ्यात त्यांनी माझी सौरपट्टीही पुसली.

"केवढी काजळी बसली होती गं दीप्ती," ते कौतुकाने म्हणाले. "बघ, आता तोंड दिसतंय."

खरंच दिसत होतं. पण ती काजळी नव्हतीच. सिलिकॉनवर उगवलेल्या, केसाहून कितीतरी बारीक तारा होत्या त्या. उसात शिरलेलं वासरू जसं लवकर बाहेर येत नाही, तसा त्यांच्यात शिरलेला प्रकाश परत फिरत नाही. म्हणून पट्टी काळी दिसते आणि वीज जास्त देते. चकाकली म्हणजे तारा मोडल्या, पट्टी मेली. दुसरी पट्टी नव्हती, आणि चाचणी घ्यायला प्रकल्पाला पैसे देणाऱ्या संस्थेच्या सुहासिनी मॅडम जिना चढत होत्या. आज विजेचा ठरलेला आकडा आला नाही तर प्रकल्प बंद.

काकांचा इतका संताप आला, की तोंड उघडलं असतं तर आयुष्यभराचे संबंध तुटले असते. मी वाकून पट्टी निरखली. पट्टी धरणाऱ्या क्लिपखालचा नखाएवढा कोपरा अजून काळा होता.

"मॅडम, पट्टी खराब झालीय," त्या आल्या तशी मी म्हणाले. "चांगला तुकडा कापून दाखवला तर चालेल?"

"चालेल. पण तो तुटला तर?"

"तर काहीच उरणार नाही."

काच कापायच्या हिरकणीच्या लेखणीने पट्टीवर रेघ ओढली. कोपर टेबलावर दाबून धरलं. मागे काका झेंडूचा हार घेऊन उभे. त्यांनी श्वासही घेऊ नये असं वाटत होतं. दोन्ही अंगठ्यांनी हलकेच दाब दिला. कट्. तुकडा सुटला, अख्खा.

मीटरच्या वायरी जोडून तो दिव्याखाली ठेवला. मॅडमनी क्षेत्रफळाच्या हिशोबाने आकडा काढला. ठरल्याहून किंचित वरच होता. मग त्यांनी चकाकता भागही लावून बघितला. काटा जेमतेम हलला.

"हे कोणी पुसलं?"

"साफसफाईत पुसलं गेलं," मी म्हणाले.

"मी पुसलं," काका म्हणाले. खांद्यावरचं फडकं काढून ते त्याची घडी घालत राहिले.

मॅडम गेल्यावर त्यांनी हार माझ्या हातात दिला. "ओरडायचंस ना मला. हिची पूजा आता तूच कर."

राग कुठे गेला कळलंच नाही. हार घालायला मी वाकले, तर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"लांबून गं, लांबून."