दोन तारांवरची चिंधी

आमच्या शाळेच्या वाद्यवृंदात गिटारची खुर्ची एकच आहे. गेल्या वर्षी मी त्या खुर्चीपासून चार पावलांवर उभी राहून पियानोवाल्यासमोरच्या स्वरलिपीची पानं उलटली. अख्खा कार्यक्रम! इतकी झकास उलटली की सर म्हणाले, "पुढच्या वर्षीही तूच हं." ते कौतुक करत होते आणि मी त्या खुर्चीकडे बघत होते. त्याच दिवशी ठरवलं, पुढच्या वर्षी ती खुर्ची माझी.

अडचण एकच होती, पण ती माझ्याच हाताला चिकटलेली. माझी करंगळी. आई म्हणते, बाकीची बोटं बेतून झाल्यावर उरलेल्या तुकड्यातून ती काढलीय.

साधे कॉर्ड मला कधीचे येतात. पहिला, तिसरा, पाचवा, तीन सूर एकदम छेडले की झालं काम. पण यंदाच्या गाण्यात सरांनी शेवटच्या कॉर्डच्या आधी जी थर्टीन घातला होता. म्हणजे त्या तीन सुरांवर मजले चढवत जायचं: सातवा, नववा, अकरावा, तेरावा. (आठवा म्हणजे पहिलाच, वरच्या मजल्यावर राहायला गेलेला. म्हणून नववा म्हणजे वरचा दुसरा, तेरावा म्हणजे वरचा सहावा.) एकूण सूर सात. तारा सहा. बोटं चार, त्यातलं एक असं!

हे गणित शाळेत एकालाच सुटलं होतं, लांबबोट्याला. तो माझ्यापुढे एक वर्ष आहे आणि त्याची बोटं त्याच्यापुढे दोन वर्षं. अकरावा सोडून बाकी सहाच्या सहा सूर तो एका दमात धरायचा. वर मला म्हणायचा, "टिचभर, पानं तयार ठेव."

निवड शुक्रवारी होती. सोमवारी शाळा सुटल्यावर मी आत्याच्या दुकानात जाऊन माझ्या गिटारच्या सहा तारांशी कुस्ती खेळत बसले. आत्या कपडे दुरुस्त करते. एका बाजूला शिलाई मशीन, टेबलावर खडू आणि टाचण्या, इस्त्रीची वाफ, आणि कोटांच्या रांगेत खिळ्याला तिची गिटार. गिऱ्हाईक नसलं की ती वाजवते.

"काय गं, हाताला मुंग्या आल्यात का?" तिने मशीनवरूनच विचारलं.

"सहा सूर धरतेय."

"सहा कशाला? पाहुणे यायचेत?"

मी तोंड फुगवलं. ती उठली, खिळ्यावरची गिटार काढली आणि तोच कॉर्ड वाजवला. काय सांगू! एखाद्या अंधाऱ्या जिन्यात कुणीतरी वरून खिडकी उघडावी तसा. मी तिच्या हाताकडे पाहिलं. कारखान्यात शिकत असताना आत्याची डावी करंगळी सुईखाली आली होती, तेव्हापासून ती वाकत नाही. हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण ती तीन बोटांनी वाजवते, हे मी आजवर कधी मोजलंच नव्हतं!

"तुमच्यात बेस, ती जाड आवाजाची गिटार, कोण वाजवतं?" तिने विचारलं.

"बेसवाली. माझ्याच वर्गात आहे. फार बोलत नाही."

"मग मूळ सूर, म्हणजे तुझा पहिला, ती वाजवणार. तू तोच परत कशाला उचलतेस? दोघींनी एकच पिशवी धरली की ती पायात येते."

"आणि पाचवा?"

"तो अस्तर. नसला तरी बाहेरून कळत नाही. पण तिसरा आणि सातवा सोडलेस तर बाह्याच गेल्या, मग कोट कसला!"

"आणि तेरावा?"

"ते गळ्याजवळचं चकचकीत बटण. लोक बघतात तेच."

मग तिने माझी बोटं एकेक करून ठेवली. चौथ्या तारेवर तिसरा फ्रेट (म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांमधला तिसरा कप्पा), शेजारच्या तारेवर चौथा, तिच्या शेजारी पाचवा. तीन पायऱ्यांचा जिना! करंगळी मस्त हवेत, नुसती बघत. पाचव्या फ्रेटवरचं बोट जरा आडवं केलं, तर सगळ्यात बारीक तारही बोलायला लागली. नववा सूर फुकटात.

पण सवय जाते का? माझा उजवा हात राहून राहून वरच्या दोन जाड तारांवर आपटायचा. दहाव्यांदा आपटल्यावर आत्याने कात्री घेतली, एका कोटाच्या राखाडी अस्तराची पट्टी कापली आणि त्या दोन तारांना करकचून बांधली. आता आपटलं की नुसतं 'थप' व्हायचं.

"शुक्रवारपर्यंत सोडायची नाही," ती म्हणाली. "हाताला कळू दे, काय आपलं नाही ते."

शुक्रवारी मी चिंधीसकट गेले. लांबबोट्या बघतच राहिला. "गिटारला लागलंय का गं?" सगळे खिदळले. बेसवाली तेवढी हसली नाही. ती पेन्सिल चावत चिंधीकडे बघत होती.

सरांनी आधी एकेकट्याला वाजवायला लावलं. लांबबोट्याचा कॉर्ड खोलीभर पसरला, भरगच्च. मग माझा. खरं सांगते, त्याच्यापुढे तो अगदीच हडकुळा वाटला. आत्याच्या दुकानात असा नव्हता!

"अपुरं वाटतंय गं," सर म्हणाले. "ती चिंधी काढ आणि पूर्ण वाजव."

माझे कान तापले. गाठीपर्यंत हात गेलासुद्धा. पण काढून करणार काय? सहा सूर मला येतच नव्हते. आणि पियानोची पानं समोर दिसत होती, कोपरे दुमडलेली, माझ्याच बोटांनी. मग लक्षात आलं, दुकानात सराव करताना आत्याचं मशीन सारखं घूंऽऽ करत असायचं. माझ्याखाली काहीतरी होतं!

"सर, हा कॉर्ड एकटीचा नाहीये. बेस आणि पियानोबरोबर ऐका ना. त्यालाही तसंच ऐका."

गेल्या वर्षीची मी असं बोलले असते? छे! सरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि बेसवालीला खूण केली.

लांबबोट्या आधी. त्याच्या जाड तारा आणि बेस एकाच दारातून घुसायला लागले. खाली सगळा गाळ.

"बेस, जरा हळू," सर म्हणाले.

"हळूच वाजवतेय, सर," बेसवाली म्हणाली. तिचं त्या दिवसातलं पहिलं वाक्य!

मग मी. बेसवालीने मूळ सूर टाकला, गोल, खोल, आणि त्यावर मी माझा तीन पायऱ्यांचा जिना ठेवला. अगदी बसला! प्रत्येक सूर वेगळा ऐकू येत होता. पुढच्या कॉर्डवर जाताना मधला सूर जागचा हलत नाही, शेजारचे दोघे फक्त खाली उतरतात. उतरले. कुणी खिदळलं नाही.

"परत," सर म्हणाले.

परत वाजवलं. आणि यावेळी मी बोट आडवं केलं. नववा सूर लख्ख वर आला, बेसवालीच्या तोंडातली पेन्सिल पडली आणि पियानोवाला मोठ्याने "आयला!" म्हणाला. सर त्याला रागावले नाहीत. ते खोलीभर बघत म्हणाले, "मग यंदा पानं कोण उलटणार?"

मला कळायला दोन सेकंद लागली. मग मी अशी किंचाळले की शेजारच्या वर्गातून बाई डोकावल्या!

लांबबोट्या बाहेर भेटला. जरा वेळ बुटाशी खेळला आणि म्हणाला, "ए, ती चिंधी कशी बांधायची?"

"टिचभर नाही म्हणायचं, मग सांगते."

"बरं, नाही म्हणणार." मी दाखवली बांधून.

तिथून धावत आत्याच्या दुकानात. दारातूनच ओरडले, "खुर्ची मिळाली!" तिने मशीन थांबवलं नाही, पण टीप वाकडी गेली, हे मी स्वतः पाहिलं.

"छान," ती डोळे पुसत म्हणाली. "आता ती चिंधी आण इकडे. त्या कोटाचं गिऱ्हाईक सकाळपासून विचारतंय, अस्तर कमी कसं पडलं म्हणून."

मी दिली नाही.