ओल्या पट्टीखालचा स्टिरिओ

मित्रांनो, बटणांवरची अक्षरं झिजलेला असा मी एक कार स्टिरिओ. घडलो कारखान्यात, पण मला घर दिलं जितेंद्रनं. नागपुरात दिघोरीला राहणारा हा तरुण मिहानमधल्या कंपन्यांच्या लोकांची ने-आण करायचा. त्यानं मला स्वतःच्या हातानं गाडीत बसवलं. मी खडखडू नये म्हणून पाठीमागे कापड कोंबलं, तारा नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली. किल्ली काढली तरी मी वाजावं, म्हणून त्यानं मला थेट बॅटरीला जोडलं. कंपनीच्या गेटबाहेर त्याला फार वेळ ताटकळावं लागे आणि तिथे माझ्याशिवाय त्याला सोबत नव्हती. मागे बसलेलं कुणी ‘आवाज भारी आहे गा’ म्हटलं, की तो आरशात बघून हसायचा.

एका मे महिन्यात त्याला ऊन लागलं. ताप डोक्यात गेला. त्याची आई रुख्मिणीबाई रात्रंदिवस त्याच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होत्या, पण ताप काही उतरला नाही आणि तो गेला. हे मी पाहिलं नाही. गाडीत बसून रडणाऱ्या माणसांच्या बोलण्यातून मला कळलं.

पुढच्या उन्हाळ्यात एक विचित्र गोष्ट सुरू झाली. जितेंद्रची बहीण करिष्मा सकाळच्या शाळेत शिकवून यायची आणि गाडी अंगणातल्या टिनाच्या छपराखाली लावायची. दुपारी टिन असं तापायचं, की आत बसवणार नाही. अशा वेळी, गाडीत कुणी नसताना, मी एकाएकी बोलू लागायचो. रेडिओवरचा माणूस आजचा पारा सांगायचा, मध्येच तुटायचा, पुन्हा बोलायचा. गल्लीतली मुलं गाडीजवळून जाईनाशी झाली. मित्रांनो, भीती मलाही वाटत होती. माझा आवाज माझ्या हातात नव्हता.

पहिल्या दिवशी रुख्मिणीबाई धावत आल्या. त्यांनी दार उघडलं, माझ्यावर तळवा ठेवला आणि झटकन मागे घेतला.

“आई गं, किती तापला रे लेका!”

त्या पदर भिजवून आल्या आणि त्याची घडी पट्टीसारखी माझ्या तोंडावर ठेवून बसून राहिल्या. मग रोज तेच. पाणी माझ्या फटींतून आत झिरपायचं आणि वाफ होऊन बाहेर यायचं. करिष्मा मला बदलायचं म्हणाली, तर त्या कडाडल्या, “काहून वं? माझा जितू येऊन राहिला तं तुले नको आहे काय?”

करिष्मानं तो विषय पुन्हा काढला नाही.

एका दुपारी माझ्या पाठीमागून धूर निघाला. जळक्या प्लास्टिकचा वास गाडीभर पसरला, तरी रुख्मिणीबाई पट्टी दाबून बसलेल्या. करिष्मा ओरडत आली आणि त्यांना ओढू लागली.

“आई, उतर! आग लागून राहिली!”

“एकट्याले कशी सोडू? तेव्हाई मी पाणी आणाले उठली अन् तो गेला!”

करिष्मानं त्यांना कवेत धरून बाहेर काढलं, बॉनेट उघडलं आणि बॅटरीची तार उपसली. माझा श्वास थांबला.

संध्याकाळी दुर्गेश आला. जितेंद्रचा हा मित्र गाड्यांच्या सामानाचं दुकान चालवायचा. त्यानं मला खोबणीतून बाहेर ओढलं, तेव्हा पाठीमागचं कापडही निघालं. ते करपलं होतं.

“वारा जायला जागाच नाही,” तो म्हणाला. “अन् हा जोड पाहा काकू. सैल झाला आहे. गरमीनं तारा टेकल्या की हा चालू होतो, सरकल्या की बंद. तिथंच जळून राहिलं.”

“कोणी केला असा जोड?” रुख्मिणीबाईंनी विचारलं.

दुर्गेशनं मान खाली घातली. “जितूच्या हातचा आहे.”

रुख्मिणीबाईंनी ते कापड उलगडलं. त्यांच्याच जुन्या पातळाचा तुकडा होता तो.

“मंग तोच होता ना?” त्यांनी हळूच विचारलं.

“तोच होता, आई,” करिष्मा म्हणाली. “पण आता तू जळशील.”

मग रुख्मिणीबाईंनी तो तुकडा घडी करून कमरेला खोचला. “जोड गा दुर्गेश. नीट जोड.”

दुर्गेशनं जळकी तार कापली, किल्ली फिरवल्याशिवाय मी वाजू नये म्हणून मला किल्लीच्या तारेला जोडलं, जोडाला डाग देऊन तो पक्का केला आणि माझ्या पाठीमागे वाऱ्याला वाट मोकळी ठेवली.

दुसऱ्या दुपारी रुख्मिणीबाई आल्या. किल्ली नव्हती. त्या वाट पाहत राहिल्या. मित्रांनो, त्या दुपारी एक शब्द तरी बोलावा, असं मला फार वाटलं. पण माझ्यात वीज नव्हती. त्यांनी माझ्यावर तळवा ठेवला. या वेळी तो मागे घेतला नाही.

“उतरला,” त्या म्हणाल्या आणि वर्षभरात पहिल्यांदा मोकळ्या रडल्या.

करिष्मानं पलीकडचं दार उघडलं आणि ती आईशेजारी बसली. अंगणात ऊन उतरेपर्यंत त्या दोघी तशाच बसून होत्या.

मित्रांनो, यंत्र तापलं तर ते बंद करा, जाणत्याला दाखवा. सैल तारेवर पट्टी गुंडाळून दिवस काढू नका. आणि तुमच्या घरातलं कुणी भर दुपारी एकटंच उभ्या गाडीत जाऊन बसत असेल, तर लांबून हाका मारू नका. दुसरं दार उघडा आणि त्याच्या शेजारी बसा.