खोडलेलं शिफारसपत्र

प्रोफेसर गॉर्डन प्रुइट निवृत्त होत होते, म्हणून ओहायोतल्या त्या लहानशा कॉलेजच्या वाचनालयात भर दुपारी केक कापला गेला. मग जुन्या विद्यार्थ्यांनी, सरांनी शिकवलेल्या एकेका नव्या काव्यप्रकारात, आपापली कविता वाचायची होती. जोलीन ब्रांटने खोडकविता निवडली. दुसऱ्या कुणाचं पान घ्यायचं, नको ते शब्द काळे करायचे, उरेल ती कविता.

"नियम आठवतोय ना, पोरी?" सर मिशीत हसले. "पदरचा शब्द घालायचा नाही, क्रम बदलायचा नाही."

"तुम्हीच तर घोटून घेतलाय, सर."

अकरा वर्षं जोलीन कॉलेजांत नोकरीसाठी अर्ज करत होती. प्रत्येक अर्जामागून सरांचं शिफारसपत्र परस्पर जायचं, आणि प्रत्येक ठिकाणाहून नकार यायचा. तीही इतकी खुळी, की दर नाताळला सरांना आभाराचं कार्ड पाठवायची! गेल्या वर्षी एका निवड समितीतल्या बाईंना राहवलं नाही. त्यांनी पत्राची प्रत तिच्या हातात ठेवली. तेव्हापासून तिच्या पोटात आग होती, आणि ती विझावी असं तिला मुळीच वाटत नव्हतं.

तिने पडद्यावर ते पान लावलं. वर कॉलेजचं नाव, खाली सरांची सही, मध्ये सगळं काळंकुट्ट. उरलेलं तिने सावकाश वाचलं.

"मला लाज वाटते. तिच्या ओळी माझ्या पुस्तकात छापलेल्या आहेत."

"गॉर्डन, सही तुझी आहे," सरांची बायको हेलन म्हणाली.

सर ताडकन उठले. "हलकटपणा आहे हा! मधलं सगळं खोडलंय हिने. हिंमत असेल तर अख्खं वाच!"

जोलीन याचीच वाट पाहत होती. तिने न खोडलेलं पत्र लावून वाचलं. "सांगायला मला लाज वाटते, पण तिच्या बऱ्याच ओळी उचललेल्या असतात. त्यातल्या काही तर माझ्या पुस्तकात आधीच छापलेल्या आहेत."

"कळलं ना आता, चोर कोण ते?" सर धापा टाकत म्हणाले.

"बसा हो सर, अजून एक पान आहे."

ते तिच्या वर्गातल्या वहीचं होतं. सरांच्या पुस्तकातल्या त्याच ओळी, तिच्या अक्षरात. खाली लाल शाईत सरांचा शेरा: 'या मला सुचायला हव्या होत्या.' शेऱ्याखाली तारीख होती, पुस्तक निघण्याच्या तीन वर्षं आधीची. हेलनने ती मोठ्याने वाचली.