न्हाणीघरातलं लाल बटण

जयनगरातल्या त्या छोट्या वृद्धाश्रमात पाहुणे आले, की कानडी व्यवस्थापक विमलाक्का त्यांना मोठ्या दिमाखात न्हाणीघर दाखवायच्या. भिंतीवरच्या लाल बटणाकडे बोट करून म्हणायच्या, "अज्जींनी हे नुसतं दाबलं, की मी धावत येते!"

हे ऐकलं, की आश्रमात राहणाऱ्या गोजराबाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. गेल्याच आठवड्यात त्या त्याच न्हाणीघरात पाय घसरून पडल्या होत्या. बटण दाबून दाबून बोट दुखलं, पण कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. घंटीची तार कधीचीच तुटली होती. तक्रार केली, तर विमलाक्का म्हणाल्या, "सरी, बरं, बघू."

आज पुन्हा पाहुणे आले. आईला इथं ठेवायचं म्हणून एक जोडपं मारुतीतून आलं होतं. दोघं हॉलमध्ये कॉफी घेत होती, तेवढ्यात विमलाक्का न्हाणीघर आवरायला आत शिरल्या. गोजराबाईंनी काठीच्या टोकानं बाहेरची कडी अलगद सरकवली आणि दाराशी खुर्ची ओढून पावट्यासारख्या अवऱ्याच्या शेंगा सोलत बसल्या.

दार धडधडू लागलं. "कोण आहे बाहेर? उघडा!"

"आरडाओरडा कशाला, अक्का? बटण दाबा की!"

"अहो अज्जी, ते बंद आहे ना!"

हॉलमध्ये कपबशीचा आवाज थांबला. गोजराबाईंनी शांतपणे आणखी एक शेंग सोलली.

"स्वल्प मोठ्यानं सांगा, अक्का. पाहुण्यांना नीट ऐकू आलं नाही."