अठरा वर्षांवरची किंकाळी

ती पोटासाठी किंचाळायची. जाहिरातींत गोड आवाजात साबण विकणाऱ्या बायका वेगळ्या. हिच्या वाट्याला यायचं ते घाबरणं, विव्हळणं आणि मरणं. स्टुडिओत काचेपलीकडून ध्वनिमुद्रक सांगायचा, "ताई, आता पाठीत गोळी," की ही तशी ओरडायची. एका व्हिडिओ गेमसाठी तर तिने तीन दिवसांत चाळीस वेळा जीव सोडला होता.

घरी मात्र मारामारीच्या गेमला सक्त बंदी. दहा वर्षांच्या लेकीला तिने बजावलं होतं, "डबीवर अठरा लिहिलंय म्हणजे अठरा. तोवर नाव काढायचं नाही." शाळेच्या पालकसभेतही ती यावर तावातावाने बोलली होती. टाळ्या पडल्या. बाई काय काम करतात, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही, आणि तिनेही आपणहून सांगितलं नाही.

एका दुपारी स्टुडिओतलं यंत्र बिघडलं आणि ती लवकर सुटली. लेक मैत्रिणीकडे होती, तिला घेऊनच जावं म्हणून ती तिकडे वळली. घंटी वाजवायला हात उचलला, तोच आतून किंकाळी आली. ही पाठीतली गोळी तिने लगेच ओळखली.

दार मैत्रिणीच्या वडिलांनी उघडलं. दातांचे डॉक्टर, स्वभावाने मऊ.

"या ना! पोरी खेळतायत. आवाज जरा जास्तच आहे, नाही?"

"डॉक्टर, हा अठरा वर्षांवरचा गेम आहे. डबी वाचली होतीत?"

"नाही हो. हट्ट धरला, आणून दिला."

"मुलं हट्ट धरणारच. दुकानदार विकणारच. मग घरात काय येतं हे बघायचं कोणी? आपणच ना?"

डॉक्टरांची मान खाली गेली. तिला आणखी चेव चढला. तेवढ्यात मैत्रीण बाहेर धावत आली.

"काकू, तुम्ही परत मेलात!"

"म्हणजे?" डॉक्टरांनी विचारलं.

"गेममधल्या बाईला काकूंचा आवाज आहे, बाबा. रोज ऐकतो आम्ही."

डॉक्टरांनी हळूच मान वर केली. लेकीचं दप्तर उचलून, तिचा हात धरून ती तडक जिना उतरली.

रस्त्यात तिने लेकीला विचारलं,

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"पहिल्याच दिवशी कळलं. पण मी तुला मारत नाही, आई. मी तुला धान्याच्या कोठारात लपवते. तिथे कोणी येत नाही. मग खेळ पुढे सरकत नाही म्हणून माझी मैत्रीण चिडते, आणि रिमोट हिसकावून घेते."

तिला हसूही येईना आणि रागावताही येईना.

संध्याकाळी तिने डॉक्टरांना फोन करून माफी मागितली. त्यांनी डबी कपाटाच्या वरच्या खणात टाकल्याचं सांगितलं. आठवड्याभराने स्टुडिओतून बोलावणं आलं: गेमचा दुसरा भाग, साठ किंकाळ्या.

"नाही जमणार हो," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "माझा घसा पार बसलाय."

शेजारी गृहपाठ करणाऱ्या लेकीने मान वर केली.

"आई, खोटं बोलायचं नाही असं तूच सांगतेस ना?"